आज्ञावली लिहायला गणित किती हवे?

राजारामपुरीत पत्ता शोधणे सोपे. गल्लीचा क्रमांक माहीत असला की निम्मे काम झाले. पण वसाहत आखायची म्हणजे रस्त्याची रुंदी, कोन, पाण्याचा उतार हे सारे पाहावे लागते. गणिती आज्ञावलींचेही असेच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, गणिते सोडविणाऱ्या काही आज्ञावली ‘मुक्त’ असतात. त्यांची आतली मांडणी कोणीही वाचावी, चूक दिसल्यास दुरुस्ती सुचवावी. ‘सिम्पाय’ ही त्यांपैकीच एक. मग राजारामपुरीतल्या दहावीच्या मुलाला तिच्यात भर घालता येईल काय?

एक प्रयोग करा. एका संख्येचा वर्ग दुसरीच्या वर्गाच्या ६१ पटीहून बरोबर १ ने मोठा हवा. फेर्माने १६५७ साली युरोपातील गणितींना घातलेले हे कोडे भास्कराचार्यांनी पाचशे वर्षे आधीच चक्रवाल रीतीने सोडविले होते! सर्वांत लहान उत्तर : १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०. आता संगणकावर एक्सेलमध्ये पडताळा घ्या. वजाबाकी येईल ०!

भास्कराचार्य चुकले? छे! कागदावर गुणाकार करा : ३११९८८२९८२८६०२६४४०१ आणि ३११९८८२९८२८६०२६४४००. या संख्या १९ अंकी आहेत. एक्सेल जेमतेम १५ अंक सांभाळते, पुढचे गळतात. अशी चूक पकडायला शाळेतला गुणाकार आणि चिकाटी पुरते. सिम्पायमध्ये पूर्णांक कितीही लांब असला तरी अंक गळत नाहीत.

उत्तर शोधणारी आज्ञावली लिहिणे मात्र निराळे. एकेक संख्या घालून पाहिली तर २२ कोटी खेपा होतील. सिम्पायमधील हा भाग २०१३ साली श्रीलंकेच्या एका पदवी विद्यार्थ्याने लिहिला. त्याने नवे प्रमेय शोधले नाही. गणितज्ञांनी लिहिलेली रीत नीट समजून घेतली. हे समजून घेणे टाळता येत नाही, असे माझे मत आहे. कारण ६१ च्या जागी १६ घातले, तर एकेक संख्या तपासणारी भोळी आज्ञावली थांबणारच नाही!

का थांबणार नाही? १६ हा ४ चा वर्ग आहे, एवढी खूण पुरे. दोन वर्गसंख्यांत १ चा फरक केव्हा पडतो ते वहीत मांडून पाहा. मग १३ आणि १४ घ्या. १४ ला दुसरी संख्या अवघी ४ येते. १३ ला २०० च्या आत, पण बरीच पुढे.