नदीकाठची झाडी व निर्मळ पाणी

गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धा व वैनगंगा यांचा संगम होऊन पुढे प्राणहिता वाहते. तेथील सुमारे १३५ चौरस किलोमीटर वन १९८६ पासून अभयारण्य म्हणून राखलेले आहे. काठची मुळे माती धरून ठेवतात, पालापाचोळा गाळ अडवितो. म्हणून पाणी निवळ राहते व चितळादी वन्यप्राण्यांस आसरा मिळतो. काठापर्यंत नांगर चालविल्यास तीच माती डोहांत साचते आणि उन्हाळ्यात गावास पाणी अपुरे पडते.

पावसाळ्यात शिक्षकांनी झाडीतून व उघड्या शेतातून वाहून येणारे पाणी दोन काचेच्या पेल्यांत भरून वर्गात ठेवावे. तळाशी बसलेल्या गाळाची तुलना मुलांनीच करावी. पुढे हिवाळ्यात वनभोजनाची सहल नदीकाठी न्यावी. म्हणजे काठ राखण्याचे कारण त्यांस निराळे सांगावे लागणार नाही.