घरची बोली घेऊन एम.ए. करता येतं का?

मुरबाडच्या एका ताईचा व्हॉइस मेसेज आलाय: "दादा, आम्ही घरात कातकरी बोलतो. त्यात एम.ए. होतं का?"

होतं, पण ‘कातकरी’ नावाची पदवी शोधू नका. शोधायचं ते भाषाविज्ञान. पुण्यात डेक्कन कॉलेज, इकडे मुंबई विद्यापीठाचा कालिन्याचा विभाग, दोन्हीकडे हे एम.ए. आहे. बी.ए. मराठीच हवं असं नाही. दोन वर्षांत भाषा तपासायची हत्यारं मिळतात, आणि प्रबंधाला ती घरच्या बोलीवर चालवायची.

हत्यारं म्हणजे काय? हे मोठ्याने म्हणा: ‘जग मोठं आहे’. आता म्हणा: ‘मनासारखं जग’. लिहिलंय एकच, पण पहिला ज जिलेबीतला, दुसरा जाड मधला. आपल्या लिपीत हा फरक दिसतच नाही! मग जी बोली फारशी लिहिलीच जात नाही, तिचं काय? म्हणून ती आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवायची. आधी शब्द, मग वाक्यं, मग आजीच्या गोष्टी. रेकॉर्डिंगला फोन पुरतो, मात्र परवानगी आधी. एक मिनिट उतरवायला सहज तासभर जातो, हेही सांगून ठेवतो.

आपल्या बोलींवर काम झालंच नाही असं नाही. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५च्या सातव्या खंडात कातकरी, वारली, ठाकरी आहेत. पुढे १९६०च्या दशकात अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींवर पुस्तकांची मालिका सुरू केली, तिच्यात ठाण्याची वारली आली. पण या कामांत पाड्यावरचा माणूस फक्त सांगणारा, आणि लिहिणारा बाहेरचा. मला खटकतं ते हेच.

अमेरिकेतल्या नावाहो लोकांचं बघा. त्यांच्या भाषेत ‘मला दे’ म्हणताना वस्तू गोल आहे, दोरीसारखी आहे की कापडासारखी, त्यावर क्रियापदच बदलतं. पॉल प्लॅटेरो हे स्वतः नावाहो. त्यांनी १९७८ साली एमआयटीतून याच भाषेवर डॉक्टरेट केली. जमातीने तर १९६८ मध्येच स्वतःचं कॉलेज काढलं होतं. ‘असं वाक्य चालतं का?’ हे विचारत बाहेरचा अभ्यासक गावभर फिरतो. घरच्या माणसाच्या कानाला ते आधीच कळतं, मग त्याला ‘का चालत नाही?’ इथूनच सुरुवात करता येते.

आणि हीच बोली शाळेत ‘अशुद्ध’ ठरते! माझ्या वर्गातला एक कातकरी मित्र वर्गात तोंडच उघडायचा नाही. त्याचं मराठी कच्चं नव्हतं, त्याची भाषा वेगळी होती. शिकवणाऱ्याला एवढं माहीत असतं तरी पुष्कळ झालं असतं.

नोकरीचं खरं सांगतो, जागा कमी आहेत. नेट परीक्षेत भाषाविज्ञान विषय आहे, पण ती वाट लांबची. शहापूरकरांना आसनगावहून लोकल तरी आहे, मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण गाठायचं. रोज जमेल की वसतिगृह लागेल, हे फॉर्म भरण्याआधी घरी बोलून घ्या.

ताई, प्रवेशाच्या तारखा विद्यापीठाच्या साइटवर बघ. आणि आजी असेल तर या रविवारी तिला विचार, पूर्वी खैरापासून कात कसा पाडायचे. तिला तिच्याच भाषेत सांगू दे, मध्ये बोलू नकोस.