एक घर, चार वारस

आपल्या पश्चात आपल्या मिळकतीचे काय व्हावे हे हयातीतच ठरवून कागदावर उतरवून ठेवणे, म्हणजे वारसा-नियोजन. हे बंगलेवाल्यांचे आणि कारखानदारांचे काम, असा समज सर्वदूर आहे. भारतात १९५३ च्या कायद्याने आलेले मृत्युशुल्क १९८५ मध्ये रद्द झाले. त्यामुळे वारसांना कर भरावा लागू नये म्हणून काही करण्याचे कारणही उरलेले नाही. तरीसुद्धा बेताच्या परिस्थितीतल्या कुटुंबाला या नियोजनाची गरज श्रीमंतांपेक्षा जास्त असते. पाच मिळकती असलेल्याच्या वारसांना एकेक वाटून घेता येते. दोन खोल्यांची एकच सदनिका, गावाकडे दीड एकर जिराईत, भविष्य निर्वाह निधी, एखादी विमा पॉलिसी आणि बँकेत दोन ठेवी एवढीच जन्माची कमाई असेल, तर वाटण्याजोगे थोडे आणि अडकून पडण्याजोगे पुष्कळ असते. शिवाय घरातला कमावता माणूस गेल्यावर पुढच्या महिन्याचा खर्चही बहुधा याच पैशावर अवलंबून असतो.

मृत्युपत्र नसेल तर मिळकत कोणाकडे जाईल हे कायदा ठरवतो, आणि कायद्याचे उत्तर घरच्यांनी गृहीत धरलेल्या उत्तराहून पुष्कळदा वेगळे निघते. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यानुसार पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. वडील वारसांच्या या पहिल्या वर्गात येत नाहीत. ‘नवऱ्यामागे घर बायकोचे’ ही लोकांची समजूत. कायद्यात तसे कुठेही म्हटलेले नाही.

हिशेब करून पाहिला की गुंता दिसतो. एक गृहस्थ मृत्युपत्र न करता गेले. मागे पत्नी, दोन मुले आणि विधवा आई. सदनिकेचे चार वारस, प्रत्येकाचा पाव हिस्सा. पुढे काही वर्षांनी आईही गेल्या, त्यांनीही काही लिहून ठेवलेले नाही. त्यांना आणखी एक मुलगा आणि एक मुलगी आहे. आता आईंच्या पाव हिश्श्याचे तीन भाग होतात: एक गेलेल्या मुलाच्या मुलांना, एक धाकट्या मुलाला, एक मुलीला. म्हणजे त्या गृहस्थांच्या पत्नीच्या राहत्या घरात दीर आणि नणंद प्रत्येकी बाराव्या हिश्श्याचे मालक झाले. कोणी काही हिसकावले नाही, कोणाची नियतही वाईट नाही. पण घर विकायचे किंवा तारण ठेवायचे म्हटले की सगळ्यांच्या सह्या लागणार. मुले अज्ञान असतील तर अडचण आणखी वाढते. अज्ञान मुलाला वारशाने आलेला स्थावराचा हिस्सा आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मुलांच्या हितासाठीच हा नियम आहे. पण दवाखान्याचे देणे भागवण्यासाठी घर विकू पाहणाऱ्या विधवेचे त्यात महिनोन्‌महिने जातात.

विवाहित स्त्रीच्या मिळकतीबाबत तर कायदा अधिकच विचित्र आहे. स्त्री मृत्युपत्राविना गेली तर आधी तिची मुले आणि पती वारस ठरतात. ते नसतील तर मिळकत पतीच्या वारसांकडे जाते, आणि तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर येतात. माहेरकडून वारशाने आलेली मिळकत, मूलबाळ नसल्यास, माहेरी परत जाते. पण स्वतःच्या कमाईला ही सवलत नाही. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर नेमके हेच आले. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या एका स्त्रीला सासरच्यांनी घराबाहेर काढले होते. माहेरच्यांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली, आयुष्यभर स्वतःच्या पायावर उभी राहिली आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. तिची सारी शिल्लक कायद्यानुसार सासरच्या वारसांना मिळाली. सहानुभूती बाजूला ठेवून कायदा आहे तसाच लावावा लागेल, अशी न्यायालयाची भूमिका होती. स्वतः कमावणाऱ्या प्रत्येक स्त्रीने, विशेषतः मूलबाळ नसलेल्या स्त्रीने, मृत्युपत्र का करावे याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

वडिलोपार्जित मिळकतीचा प्रश्न वेगळा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा दुरुस्त करून मुलींना सहदायकाचा, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार असण्याचा, हक्क दिला, मात्र तोवर लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद संपला. मुलीचा हक्क जन्मसिद्ध आहे, त्यासाठी ही दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. अशा मिळकतीत मृत्युपत्र करता येते ते फक्त आपल्या हिश्श्यापुरते. व्यवहारात मात्र वडील गेले की बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो, आणि सही नाकारली तर माहेर तुटेल या धास्तीने ती होते. वडिलांनी हयातीतच मुलामुलींना समोर बसवून कोणाला काय आणि का, हे सांगितले असते तर कितीतरी भावाबहिणींचे येणेजाणे टिकले असते.

सर्वांत जास्त गैरसमज आहे तो नॉमिनीबाबत. नॉमिनी लावला की काम झाले, असे मानले जाते. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो. ते त्याने खऱ्या वारसांच्या वतीने सांभाळायचे असतात. शेअर्स आणि रोख्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात हेच सांगितले: नॉमिनी लावल्याने वारसाहक्क बदलत नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये २०१९ च्या तरतुदीनुसार नॉमिनीला तात्पुरते सभासद करून घेतात, ते खरे वारस ठरेपर्यंतच. विम्यात २०१५ पासून आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असल्यास त्यांना लाभाचा हक्क देणारी तरतूद आहे. तिच्या अर्थाबाबत मात्र न्यायालयांमध्ये एकमत नाही. म्हणून नॉमिनीच्या रकान्यात आणि मृत्युपत्रात एकच नाव असणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. याचा अर्थ नॉमिनी लावू नये असा नाही. तो नसेल तर मोठ्या ठेवीसाठी किंवा शेअर्ससाठी दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणावे लागू शकते: अर्ज, वर्तमानपत्रात नोटीस, वकील, आणि महाराष्ट्रात ७५ हजार रुपयांच्या मर्यादेपर्यंत जाणारे न्यायालय शुल्क. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. भविष्य निर्वाह निधीत तर लग्नाआधी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर रद्दच धरले जाते. नोकरीला लागताना आईचे नाव लिहून विसरून गेलेल्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

घरच्यांना माहीतच नसलेल्या ठेवींचे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा होते. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८ हजार कोटींहून अधिक रुपये होते. वारसाला ते नंतरही मागता येतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अनेक बँकांतील अशा ठेवी एकत्र शोधता येतात.

शेतजमिनीचे दुखणे जुने आहे. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवून वारसनोंद करायची असते. मग फेरफार पडतो, नोटिसा निघतात आणि मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. हे न झाल्याने कित्येक सातबाऱ्यांवर आजोबा-पणजोबांचीच नावे राहिली. पीककर्ज किंवा भूसंपादनाचा मोबदला घ्यायची वेळ आली की वंशावळ जुळवताना नातवंडांची दमछाक होते. मृतांची नावे कमी करून वारसांची लावण्यासाठी शासनाला २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर काढावी लागली, यावरून दुर्लक्षाचा आवाका कळतो. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

या सगळ्यावरचा उपाय फारसा खर्चिक नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिले तरी चालते. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. कायद्याची खरी अट साक्षीदारांची: करणाऱ्याने सही केल्याचे किमान दोघांनी पाहिलेले असावे, किंवा ती आपली असल्याचे त्याने त्यांना सांगितलेले असावे, आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर सह्या केलेल्या असाव्यात. ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असलेले बरे, कारण पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी न्यायालयात सांगावे लागते. वय झालेले असेल तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते आणि शेवटचे तेच खरे मानले जाते, म्हणून तारीख हवीच. एखाद्याला कमी दिले किंवा वगळले तर कारण दोन ओळींत लिहावे. न्यायालयापेक्षाही घरच्यांसाठी त्याचा उपयोग जास्त. मुले लहान असतील तर त्यांचा पालक कोण हेही त्यात नमूद करता येते.

घर आत्ताच मुलांच्या नावे करावे, असे सुचवणारे पुष्कळ असतात. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, इतर आकार वेगळे. पण बक्षीसपत्र मृत्युपत्रासारखे मनात येईल तेव्हा फिरवता येत नाही. घर गेले की आधार गेला, असा अनुभव अनेक वृद्धांना येतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार देखभालीच्या अटीवर दिलेली मिळकत अट मोडल्यास परत मिळवता येते. मात्र ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी. म्हाताऱ्या आईवडिलांनी राहते छप्पर हयातीत दुसऱ्याच्या नावे न करणेच शहाणपणाचे.

सर्वांना नियम सारखे नाहीत. मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे एक तृतीयांश मिळकतीपुरतेच मृत्युपत्र करता येते. ख्रिस्ती आणि पारशी समाजाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला समान नागरी कायदा आहे: सर्वसाधारणपणे पती-पत्नी एकमेकांच्या मिळकतीचे निम्मे मालक, आणि मुले असतील तर आपल्या वाट्यातलीही निम्मीच मिळकत मर्जीप्रमाणे देता येते. महाराष्ट्रात नोकरी आणि गोव्यात घर असलेल्यांनी म्हणून गोव्यातल्या वकिलाचा स्वतंत्र सल्ला घ्यावा.

मृत्युपत्राबरोबर एक यादीही करून ठेवावी: खाती, पॉलिसी, लॉकर, घराचा करारनामा, भागदाखला, सातबारा, घेतलेले आणि दिलेले कर्ज. वारसांवर मृताच्या कर्जाची जबाबदारी येते ती मिळालेल्या मिळकतीपुरतीच, हे माहीत असले तर दारात उभ्या राहिलेल्या वसुलीवाल्याला घाबरून कोणी दागिने विकणार नाही. यादी आणि मृत्युपत्र कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना ठाऊक असावे. घरात ठेवायची भीती वाटत असेल तर मृत्युपत्र लिफाफ्यात मोहोरबंद करून जिल्हा निबंधकांकडे ठेवता येते. करणाऱ्याच्या मृत्यूनंतर अर्ज केल्यावर तो लिफाफा अर्जदारासमोर उघडला जातो.