पट्टी, हप्ता आणि म्हशीचं दूध

पहाटे ५.३०

दौंड तालुक्यातल्या एका गावच्या दूध संकलन केंद्रावर मी रांग लागायच्या आधी पोचते. टेबल मांडते, पण चाचणीच्या पट्ट्यांची पाकिटं लगेच फोडत नाही; हवेतला दमटपणा त्यांना सोसत नाही. किटल्या येऊ लागतात. सचिव फॅट, एसएनएफ लावतात, पावती निघते आणि प्रत्येकाच्या दुधातले चार थेंब माझ्याकडे येतात.

मी जे शोधते ते फॅटच्या यंत्रावर दिसत नाही. सरकी पेंड किंवा मका ओलसर राहिला की बुरशी धरते. तिच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते जनावराच्या पोटात गेलं की यकृतात त्याचं रूप पालटतं आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ होऊन ते दुधात उतरतं. दूध उकळलं म्हणून ते नाहीसं होत नाही. आपल्याकडे त्याची कायदेशीर मर्यादा आहे किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. २०१८च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यातले ३६८ या मर्यादेबाहेर निघाले. दूध असुरक्षित ठरवणारी भेसळ मात्र १२च नमुन्यांत सापडली होती. आपण वर्षानुवर्षं बोलतो ते भेसळीबद्दल.

“ताई, रेघ उठली नाही तर वाईट ना?” सचिव विचारतात. हो. आमच्या पट्टीवरच्या अँटिबॉडीला सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेले असतात. दुधात विष नसेल तर ती पुढे सरकून चाचणीच्या रेघेवर अडकते आणि लाल रंग दिसतो. विष असेल तर ते अँटिबॉडीला वाटेतच धरतं, रेघ फिकी पडते किंवा उठतच नाही. त्यापुढची दुसरी रेघ पट्टी नीट चालल्याची खूण; ती उठलीच पाहिजे. गर्भचाचणीची सवय असलेल्या डोळ्यांना हे उलटं वाटतं, म्हणून मी प्रत्येक सकाळी सचिवांकडूनच निकाल वाचून घेते. पुढे ही पट्टी वाचणार आहेत ते तेच.

गाईच्या दुधावर रेघा स्वच्छ येतात. म्हशीच्या दुधावर आजही घोळ आहे. दाट स्निग्धांश पट्टीच्या तोंडाशी अडतो, दूध पुढे सरकतच नाही.

सकाळी १०

नमुने बर्फात घालून सोलापूर रस्त्याने पुण्यात, पाषाणला. आमच्या कंपनीची जागा म्हणजे इनक्युबेटरमधली दोन टेबलं आणि सामायिक उपकरणांवर ठरलेले तास. सहकारी नमुने लावून घेतो. प्रत्येक पट्टीचा निकाल एचपीएलसी यंत्रावर पडताळावा लागतो, नाहीतर आमच्या रेघेवर कोण विश्वास ठेवणार?

हे सगळं चालतं ‘बिग’वर. बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट असं तिचं पूर्ण नाव. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२मध्ये बायरॅक ही संस्था उभी केली, तिची ही योजना: ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान, मुदत १८ महिने. हे कर्ज नाही आणि त्याबदल्यात कंपनीचे शेअरही द्यावे लागत नाहीत. देशभरातल्या मोजक्या भागीदार संस्थांमार्फत ती चालते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातून उभं राहिलेलं व्हेंचर सेंटर त्यांपैकी एक.

सकाळी ११.३०

सीए येतात. हा दिवसातला सर्वांत लांब भाग असतो आणि तो मी कधीच उरकून टाकत नाही.

अनुदानाचं बँक खातं वेगळं. त्यातला रुपया अर्जात मंजूर झालेल्या शीर्षाखालीच खर्च करायचा: उपकरणं, कन्झ्युमेबल्स, मनुष्यबळ, प्रवास. एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात न्यायचे तर आधी परवानगी. खात्यावर जमलेलं व्याजसुद्धा आमचं नाही, ते सरकारी तिजोरीत परत जातं. अनुदानातून घेतलेल्या यंत्रांची वेगळी नोंदवही आणि त्यांची परस्पर विक्री नाही. शेवटी विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे आमच्या बोलण्यातली ‘यूसी’. तिचा नमुना केंद्राच्या २०१७च्या वित्तीय नियमांत दिलेला आहे, त्यावर सीएंची सही आणि यूडीआयएन क्रमांक.

नवे उद्योजक या कागदांना कंटाळतात. मला ते पटत नाही. आज ज्या शेतकऱ्याचं दूध मी तपासलं, त्याने भरलेल्या करातूनही हा पैसा आलेला असू शकतो. मेंब्रेनचा रोल, प्रवासाचं बिल, बर्फाची पावती, सगळं आम्ही एकेक करून ताडून पाहतो. सीए एका कोटेशनवर बोट ठेवतात: तारीख खरेदीच्या ऑर्डरनंतरची दिसते. मी मेल उघडून मूळ कोटेशन दाखवते. पुरवठादाराने नंतर सुधारित प्रत धाडली होती. दोन्ही प्रती फाइलला लागतात.

दुपारी १.३०

डबे उघडले की शेजारच्या कंपन्यांशी गप्पा. आज विषय अमेरिकेचा. तिथे नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये रोलंड टिबेट्स यांनी १९७७च्या सुमारास छोट्या कंपन्यांसाठी टप्प्याटप्प्याने संशोधन-अनुदान द्यायची ‘एसबीआयआर’ (स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च) ही पद्धत रुजवली, आणि १९८२मध्ये तिचा कायदा झाला. कल्पना खरी ठरते का हे थोड्या पैशात बघायचं, ठरली तर मोठा टप्पा. क्वालकॉमला सुरुवातीच्या काळात या पैशाचा आधार होता. आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५मध्ये एसबीआयआरआय सुरू केली, तिच्या नावातच हे नातं दिसतं.

मला त्या कायद्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. बाहेरच्या संशोधनावर वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त खर्च करणाऱ्या प्रत्येक केंद्रीय खात्याला त्यातला ठरावीक वाटा छोट्या कंपन्यांसाठी राखावा लागतो; तो ३.२ टक्क्यांपर्यंत गेला. आपण खरेदीच्या बाबतीत हे केलंय: केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीत सूक्ष्म आणि लघुउद्योगांचा वाटा किमान २५ टक्के. म्हणजे तयार माल घ्यायला वाटा आहे, माल शोधून काढायला नाही. २०२५मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन-विकास निधी मोठा आहे, स्वागताचा आहे, पण तो मुख्यतः स्वस्त दीर्घ मुदतीचं भांडवल देतो, आणि तेही तंत्रज्ञान सज्जतेच्या (टीआरएल) चौथ्या पायरीवर पोचल्यावर. म्हशीच्या दुधात अडलेली पट्टी अजून तिसऱ्या पायरीवर आहे. तिच्यावर कर्ज कोणी घेऊ नये आणि कोणी देऊही नये. तिथे अनुदानच हवं.

दुपारी ३.३०

मार्गदर्शक सरांसमोर टप्प्याचा आढावा. पैसा हप्त्यांनी येतो. ठरलेला टप्पा दाखवला की पुढचा. आमचा टप्पा होता गाय आणि म्हैस, दोन्ही दुधांत मर्यादेवर अचूक निकाल.

सहकाऱ्याने सुचवलं होतं की नमुना आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून साय काढू, म्हणजे म्हशीचाही निकाल जमेल. जमेलच. पण गावच्या केंद्रावर सेंट्रिफ्यूज नाही, आणि अर्जात आम्ही लिहिलंय की पट्टी थेट दुधात बुडवता येईल. मोठ्या डेअऱ्यांना आयात पट्ट्या मिळतात. आमचं काम किटलीपाशी आहे. सर म्हणाले, “मग जे झालं नाही ते ‘झालं नाही’ असंच लिहा. का झालं नाही ते नीट लिहा.”

संध्याकाळी ६

एका जुन्या सहकाऱ्याचा फोन. त्याच्या कंपनीचा टप्पा पूर्ण आहे, अहवाल गेला आहे, दुसऱ्या एका योजनेतला हप्ता अजून यायचाय. तंत्रज्ञ मुलीला दुसरीकडे नोकरी मिळाली. दोन वर्षं हात बसलेला माणूस गेला की कंपनीचं अर्धं ज्ञान जातं. ते कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही. मोठी कंपनी सहा महिने थांबू शकते, चार माणसांची नाही. हप्त्याला मुदत घालावी आणि ती पाळली जावी, एवढंच मागणं आम्ही दर बैठकीत मांडतो, मांडत राहू.

रात्री ९

अहवाल. गाय: टप्पा पूर्ण. म्हैस: अपूर्ण, स्निग्धांशामुळे प्रवाह खंडित, अडलेल्या प्रत्येक पट्टीचा फोटो जोडला आहे. उपाय: नमुन्याच्या पॅडसाठी ग्लास फायबर, त्यावर सरफॅक्टंटचा लेप, तीन प्रमाणांत करून पाहणार. याच अडचणीशी झगडणारा दुसरा कोणी हे वाचेल, तेव्हा त्याचे महिने वाचतील म्हणून बाद झालेल्या रचनाही लिहून ठेवते.

खर्च कन्झ्युमेबल्समध्ये बसतो, वेगळी परवानगी लागणार नाही. दोन पुरवठादारांना कोटेशनसाठी मेल टाकते आणि सचिवांना निरोप: उद्या म्हशीच्या दुधाची किटली पहिली घ्या.