एपिक्यूरसचें सुख आणि त्याची मैत्री

उंची मद्यें आणि चविष्ट पक्वान्नें यांच्या शोकीन माणसाला युरोपांतील अनेक भाषांत ज्या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नांवावरून विशेषण लाविलें जातें, तो एपिक्यूरस स्वतः साध्या भाकरीवर आणि पाण्यावर संतुष्ट असे. एकदां त्यानें एका मित्राला लहानसें भांडेंभर पनीर पाठविण्याविषयीं लिहिलें; कारण काय, तर मनांत येईल त्या दिवशीं आपल्याला मेजवानी करतां यावी! ज्याची मेजवानी पनीराच्या तुकड्यानें साजरी होत होती, त्याच्या नांवाला खादाडपणाचा अर्थ चिकटावा, ही केवळ दैवाची थट्टा नव्हे. तिच्या मुळाशीं विरोधकांची निंदा आहे, ग्रंथांचा नाश आहे, आणि भाषांतराची अडचणही आहे. हें तिसरें कारण सहसा कोणी विचारांत घेत नाहीं, आणि खरी गोम पुष्कळ अंशीं तेथेंच आहे.

एपिक्यूरसचा जन्म इ. स. पूर्वीं ३४१ मध्यें सामॉस बेटावर झाला. त्याचा बाप निओक्लीझ हा शाळामास्तर होता, आणि मुलानें तुटपुंज्या वेतनावर मुळाक्षरें शिकविण्याच्या कामीं बापाला मदत केली, हा पुढें शत्रूंनीं त्याच्यावर ठेवलेल्या दोषांपैकीं एक होय. शाळामास्तरकी हा कलंक समजण्याची चाल बरीच जुनी आहे, एवढेंच यावरून दिसतें! इ. स. पूर्वीं ३०६ च्या सुमारास त्यानें अथेन्समध्यें एक बाग विकत घेतली, आणि इ. स. पूर्वीं २७० च्या सुमारास मरेपर्यंत तेथें तो शिकवीत राहिला. त्या बागेंत स्त्रियांना मज्जाव नव्हता, गुलामांनाही नव्हता. अफवांना तेवढें निमित्त पुरेसें झालें.

त्यानें सुमारें तीनशें गुंडाळ्या भरतील इतकें लिहिलें. त्यांतून अखंड उरलीं तीं तीन पत्रें आणि चाळीस सूत्रवजा वचनें. आणि तींही इ. स. च्या तिसऱ्या शतकांतील डायोजिनीझ लेअर्शियस यानें आपल्या चरित्रग्रंथाच्या दहाव्या भागांत उतरून घेतलीं म्हणून. बाकीचें ज्ञान ल्युक्रीशियसच्या लॅटिन काव्यांतून येतें, किंवा सिसेरो आणि प्लूटार्क यांच्याकडून. आणि हे दोघेही त्याचे प्रतिपक्षी. आपल्याकडे चार्वाकाची गत याहून वेगळी झाली नाहीं. कर्ज काढून तूप पिण्याचा जो उपदेश त्याच्या नांवावर घरोघर माहीत आहे, तो मुख्यतः चौदाव्या शतकांतील ‘सर्वदर्शनसंग्रहा’मुळें, आणि त्या ग्रंथाचे कर्ते माधवाचार्य हे वेदांती. तथापि एपिक्यूरस म्हणजे ग्रीकांचा चार्वाक, असें म्हणून मोकळें होतां येणार नाहीं. कर्जाचें तूप त्याच्या हिशेबांत बसत नाहीं. उद्यांच्या सावकाराची धास्ती आजच्या तुपाहून जड, असाच निकाल त्यानें दिला असता.

त्याच्या शिकवणीचा मध्यवर्ती शब्द ‘हेदोने’ हा होय. इ. स. पूर्वीं ४५ मध्यें सिसेरोनें नीतीच्या अंतिम ध्येयाविषयीं एक संवादग्रंथ लिहिला. त्यांत या शब्दाला त्यानें ‘वोलुप्तास’ हा लॅटिन शब्द योजिला, आणि याहून नेमका प्रतिशब्द नाहीं असें आग्रहानें सांगितलें. शब्द चुकीचा नव्हता. पण तो ऐकतांच रोमन माणसाच्या मनांत विलासाचीं चित्रें उभीं राहत. एपिक्यूरसनें मेनीसियसला लिहिलेल्या पत्रांत स्वच्छ बजाविलें होतें कीं, सुख हें ध्येय असें म्हणतांना आपल्याला मद्यपानाचे अड्डे किंवा श्रीमंती ताटें अभिप्रेत नाहींत. शरीराला पीडा नसणें आणि मनाला क्षोभ नसणें हेंच सुख. या दोन अवस्थांना त्याच्या परिभाषेंत ‘आपोनिआ’ आणि ‘आताराक्सिआ’ अशीं नांवें आहेत. तहानलेला मनुष्य पाणी पितो, तेव्हांचें सुख चालतें, हलतें. तहान भागल्यावर जी स्वस्थता येते तें सुख स्थिर. एपिक्यूरसच्या मतें दुसरें श्रेष्ठ. सिसेरोचा आक्षेप असा कीं, पीडा नसणें ही सुख आणि दुःख या दोहोंहून निराळी, तिसरीच अवस्था आहे. तिला सुख म्हणणें म्हणजे भाषेची ओढाताण करणें.

हा आक्षेप लॅटिनमध्यें जितका धारदार वाटतो तितका मराठींत वाटत नाहीं. ‘हेदोने’साठीं ‘भोग’ किंवा ‘विलास’ शब्द वापरला, तर भाषांतरकार नकळत सिसेरोच्या पक्षाला जाऊन बसतो. ‘आनंद’ म्हणावें, तर त्या शब्दामागें उपनिषदांचा सारा भार उभा राहतो. उरतो तो साधा ‘सुख’ हा शब्द, आणि तोच सर्वांत बरा. कोणी प्रवासाहून सुखरूप परत आला असें आपण म्हणतों, तेव्हां त्याला वाटेंत काय काय उपभोगावयास मिळालें हें सांगण्याचा हेतु नसतो. कांहीं वाईट घडलें नाहीं, एवढेंच सांगावयाचें असतें. ‘सुखरूप’ या एका शब्दांत एपिक्यूरसचा अर्धा सिद्धांत मराठी माणूस रोज बोलून जातो.

सुख म्हणजे निव्वळ दुःखाचा अभाव काय, हा प्रश्नही आपल्याकडे नवा नव्हे. नैयायिकांनीं अपवर्गाची व्याख्या दुःखाची आत्यंतिक निवृत्ति अशी केली. आणि ‘गीतारहस्या’ंत (१९१५) सुखदुःखविवेक या प्रकरणांत टिळकांनीं याच प्रश्नाचा खल केला आहे. म्हणून ‘आताराक्सिआ’ला ‘मोक्ष’ किंवा ‘निर्वाण’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नैयायिकांचा अपवर्ग जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटण्यांत आहे. एपिक्यूरसच्या मतें आत्माही परमाणूंचाच बनलेला असून देहाबरोबर विखरून जातो. तेव्हां जी काय शांति मिळवावयाची ती याच देहांत, याच चार दिवसांत.

सद्गुणाच्या बाबतींत घोटाळा वेगळ्या तऱ्हेचा आहे. ग्रीक ‘आरेते’ म्हणजे कोणत्याही वस्तूची उत्कृष्टता. घोड्याला आणि डोळ्यालाही ‘आरेते’ असूं शकते. आपला ‘सद्गुण’ त्या मानानें अरुंद. स्टोइक पंथाचा क्लीआन्थीझ आपल्या शिष्यांना एक चित्र डोळ्यांपुढें आणावयास सांगत असे: सुखराणी सिंहासनावर बसली आहे, आणि सारे सद्गुण दासी होऊन तिच्याभोंवतीं उभे आहेत. एपिक्यूरसची यापरती नालस्ती त्याला सुचली नसावी. आणि एपिक्यूरसनें सद्गुण सुखासाठींच पत्करावयाचे असें म्हटलें आहे, हें खरेंच. आरोग्यासाठीं जसें औषध, तसे सुखासाठीं सद्गुण, हा दृष्टांत त्याच्याच नांवावर आहे. परंतु त्याच लेखणीनें त्यानें असेंही लिहिलें कीं, विवेक, सभ्यता आणि न्याय यांवांचून सुखानें जगणें शक्यच नाहीं. सद्गुण आणि सुखी जीवन हीं एकत्रच वाढतात, वेगळीं करतां येत नाहींत. दासीला घालवून देतां येतें. येथें तसें करण्याची सोय नाहीं. मराठींत आपण औषधाला गुण आला असें म्हणतों. मूळ दृष्टांताला साजेल असा ‘गुण’ शब्द आपल्या भाषेंत आयताच आहे, हा योगायोग भाषांतरकारानें वायां दवडूं नये.

मैत्रीपाशीं आलें म्हणजे मात्र नुसत्या शब्दकोशानें भागत नाहीं. तेथें एक अक्षर आडवें येतें. १८८७ मध्यें जर्मन पंडित हर्मान उझेनर यानें एपिक्यूरसचे उपलब्ध अवशेष एकत्र करून छापले. दुसऱ्याच वर्षीं कार्ल व्होट्के यानें व्हॅटिकनच्या ग्रंथालयांतील चौदाव्या शतकांतल्या एका हस्तलिखितांतून ८१ वचनांचा संग्रह उजेडांत आणिला. त्यांतील तेविसावें वचन मैत्रीविषयीं आहे. त्याचे दोन भाग आहेत. उत्तरार्ध असा कीं, मैत्रीचा उगम लाभांत होतो. पूर्वार्धांत मैत्री ही स्वतःच्या ठायीं काय आहे तें सांगितलें आहे, आणि वाद आहे तो याच ‘काय’ विषयीं. हस्तलिखितांत ‘आरेते’, म्हणजे सद्गुण, असा शब्द आहे. उझेनर म्हणाला कीं, नकलकाराच्या हातून एक अक्षर गळालें. मूळ शब्द ‘हाइरेते’, म्हणजे निवडण्याजोगी, हवीशी, असा असला पाहिजे. प्राचीन ग्रीक लिपींत या दोन शब्दांत ‘इओटा’ या एकाच अक्षराचा फरक पडतो, आणि इओटा म्हणजे केवळ एक उभी रेघ.

रेघ लहान, पण तिच्यावर टांगलेला प्रश्न लहान नाहीं. ‘सद्गुण’ वाचावें, तर मैत्री हाही सुखाच्या मार्गावरचा एक गुण ठरतो आणि सिद्धांताला धक्का लागत नाहीं. मात्र ‘स्वतःसाठीं’ हे शब्द अधांतरीं राहतात, कारण एखादी गोष्ट ‘स्वतःसाठीं सद्गुण’ आहे म्हणजे काय, हें सांगतां येणें कठीण. ‘हवीशी’ वाचावें, तर वाक्य सरळ लागतें. पण मग सुखाखेरीज दुसरी कांहीं वस्तु स्वतःसाठींच हवी असते, हें एपिक्यूरसच्याच तोंडून वदविल्यासारखें होतें, आणि त्याचा पायाच हलतो! सिरिल बेलीनें १९२६ च्या आपल्या आवृत्तींत उझेनरची दुरुस्ती मानली. लाँग आणि सेडली यांनीं १९८७ मध्यें हस्तलिखिताचा पाठ राखला. व्याकरणाच्या बाजूनें पाहतां दुरुस्ती सरस दिसते. शिवाय अमुक लेखक असें म्हणणारच नाहीं, असें आधीं ठरवून त्याप्रमाणें पाठ निवडणें, म्हणजे निकाल आधीं आणि साक्ष मागाहून.

उत्तरार्धांतला ‘लाभ’ही वाटतो तितका निर्विवाद नाहीं. हा लाभ घ्यावयाचा कीं द्यावयाचा? बेलीनें मदतीची गरज असा अर्थ केला. लाँग आणि सेडली यांनीं दुसऱ्याचें भलें करणें असा. एपिक्यूरसच्या मतें उपकार घेण्यापेक्षां करण्यांत अधिक सुख आहे, असें प्लूटार्कनें नमूद केलें आहे. आणि प्लूटार्क त्याचा चाहता नव्हता, म्हणून ही साक्ष वजनदार. तेव्हां मराठींत येथें ‘उपयोग’ न म्हणतां ‘उपकार’ म्हणावें. उपकार करणें आणि उपकार होणें, या दोन्ही बाजू त्या शब्दांत मूळच्या संदिग्धतेसह राहतात. त्याच संग्रहांतील आणखी एका वचनाचा आशय असा आहे कीं, जो सदा उपयोगच पाहतो तो मित्र नव्हे, आणि जो मैत्रीचा उपयोगाशीं संबंध कधींच येऊं देत नाहीं तोही नव्हे. पहिला व्यापार मांडतो, दुसरा उद्यांची आशा तोडतो. त्याच्या बागेंत सर्वांची मालमत्ता एकत्र करण्याचा नियमही नव्हता. पायथागोरसच्या मंडळींत तशी चाल होती. एपिक्यूरसचें म्हणणें असें कीं, असा नियम करावा लागणें हीच अविश्वासाची खूण आहे, आणि अविश्वास आला तेथें मैत्री कसली?

सिसेरोच्या संवादांत टॉर्क्वेटस हा या पंथाची बाजू मांडतो, आणि मैत्रीविषयीं आपल्यांत तीन मतें आहेत असें प्रांजळपणें सांगतो. पहिले म्हणतात, मित्राचें सुख आपल्या सुखाइतकें मोलाचें नसलें, तरी मित्रावर स्वतःसारखेंच प्रेम केल्यावांचून मैत्री टिकत नाहीं आणि मैत्रीवांचून सुख टिकत नाहीं. दुसरे, ज्यांना तो जरा भित्रे म्हणतो, ते सांगतात कीं, आरंभ लाभानें होतो खरा, पण सहवास वाढला म्हणजे मित्र त्याच्याचसाठीं प्रिय होतो. राहत्या गांवाचा, घोड्याकुत्र्यांचाही जर लळा लागतो, तर माणसाचा कां लागूं नये? तिसरे मैत्री म्हणजे शहाण्यांमधील एक करार मानतात. यावर सिसेरोचा शेरा असा कीं, दुसरें मत माणुसकीचें आहे, पण तें अलीकडच्या मंडळींचें. खुद्द एपिक्यूरसनें तसें म्हटल्याचें आपल्या माहितींत नाहीं. आतां गंमत अशी कीं, उझेनरचा पाठ घेतला, तर तेविसावें वचन जवळजवळ हेंच म्हणतें. मग एक तर सिसेरोच्या नजरेंतून तें सुटलें, किंवा तें वचन मागाहूनच्या एखाद्या शिष्याचें आहे. व्हॅटिकनच्या संग्रहांत शिष्यांचींही वचनें मिसळलेलीं आहेतच.

नवा पुरावा येण्याची आशा अजून आहे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या उद्रेकांत हर्क्युलेनियम गांव गाडला गेला, आणि त्याबरोबर एका हवेलींतील ग्रंथसंग्रह कोळसा होऊन राहिला. १७५२ मध्यें त्या गुंडाळ्या सांपडल्या. त्यांत एपिक्यूरसपंथी फिलोडेमसचे ग्रंथ बरेच निघाले. परंतु उलगडतांना कित्येकांचा चुरा झाला. आतां त्या न उलगडतां, क्ष-किरणांनीं आंतील थर टिपून आणि संगणकाकरवीं शाईचा माग काढून वाचतां येऊं लागल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्यें यूसुफ नादर, ल्यूक फॅरिटर आणि ज्युलियन शिलिगर या तिघा तरुणांना एका बंद गुंडाळींतील दोन हजारांहून अधिक अक्षरें वाचल्याबद्दल पारितोषिक जाहीर झालें. विषय कोणता निघावा? तर सुखाचाच: विपुल वस्तूंपेक्षां दुर्मिळ वस्तु खरोखर अधिक सुख देतात काय.

मरणाच्या दिवशीं एपिक्यूरसनें एक पत्र लिहिलें. डायोजिनीझच्या ग्रंथांत तें आयडोमेनियसला आहे. सिसेरोनें त्याचें लॅटिन भाषांतर केलें, त्यांत हर्मार्कसला. मूत्रमार्गाच्या आणि पोटाच्या वेदना पराकाष्ठेला गेल्या होत्या. परंतु पूर्वींच्या संभाषणांच्या आठवणीनें होणारा आनंद त्या वेदनांसमोर आपण उभा केला आहे, असा त्याचा आशय, आणि शेवटीं मेट्रोडोरसच्या मुलांचा सांभाळ करण्याची विनंती. मेट्रोडोरस हा त्याचा जिवलग मित्र त्याच्या आधींच वारला होता. भाषांतर करून झाल्यावर सिसेरो म्हणतो कीं, हें मरण थोर आहे, पण तें त्याच्या सिद्धांताशीं जुळत नाहीं. मेलेल्याला कसलीच जाणीव नाहीं असें ज्याचें मत, त्यानें आपल्या मरणानंतरच्या गोष्टींची काळजी कां वाहावी?

मृत्युपत्र तर अधिकच तपशीलवार आहे. बाग शिष्यांकडे चालू राहावी. मेट्रोडोरसची मुलगी वयांत आली म्हणजे तिचें लग्न करून द्यावें आणि खर्चाची तरतूद व्हावी. मिस, निसियास, लायकॉन आणि फीड्रियम या चौघां गुलामांस मोकळें करावें. प्रत्येक महिन्याच्या विसाव्या दिवशीं मंडळींनीं आपल्या आणि मेट्रोडोरसच्या स्मरणार्थ एकत्र जमावें, हेंही त्यांत आहे. तीनशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर थोरल्या प्लिनीनें लिहून ठेवलें आहे कीं, त्या पंथाचे लोक दर महिन्याला विसाव्या दिवशीं अजून जेवावयास जमतात.