चर्चचा कारभारी कोण?

कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मलाली यांच्या रूपाने पहिल्यांदाच एक स्त्री आली आणि बातम्यांचा सगळा भर त्यावरच राहिला. ते साहजिक होतं. पण निवडीची रीतही पाहण्यासारखी आहे. चर्चच्या आयोगाने नाव सुचवायचं, ते पंतप्रधानांमार्फत राजाकडे जायचं, राजाने संमती द्यायची आणि मग कॅथीड्रलच्या मंडळाने त्याच नावाची निवडणूक घ्यायची! चर्चवर राजसत्तेचा शब्द चालावा, हा आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये घातलेला पायंडा आजही चालू आहे.

तो मोडण्याची वेळ एकदा आली होती. १६४३ मध्ये, राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत, संसदेने वेस्टमिन्स्टरला धर्मसभा बोलावली. बिशपांची सद्दी संपवायची हे बहुतेकांना मान्य होतं. त्यांच्या जागी काय आणायचं, यावर मात्र जुंपली. प्रेस्बिटेरियनांना देशभर धर्ममंडळांची उतरंड हवी होती, तर स्वतंत्रतावाद्यांना प्रत्येक मंडळीचा कारभार तिच्याच हाती. भांडण चिघळलं ते अगदी रोजच्या प्रश्नावर: पापी माणसाला प्रभुभोजनापासून रोखायचं कोणी? पाद्री म्हणाले, आम्ही. संसद म्हणाली, कोणत्या पापांसाठी रोखायचं ते आम्ही ठरवू, अपीलही आमच्याकडेच येईल.

या साऱ्यांपेक्षा मला रॉजर विल्यम्स मोठा वाटतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने हद्दपार केल्यावर प्रॉव्हिडन्स वसवणारा हा माणूस वसाहतीची सनद मिळवायला लंडनला आला होता. युद्धामुळे लंडनला येणारा न्यूकॅसलचा कोळसा अडलेला. तरी धर्मसभेच्या दालनात छान शेकोटी होती. सभेला आलेल्या स्कॉटलंडच्या रॉबर्ट बेलीने पत्रात तिचं कौतुक केलं आहे. विल्यम्स मात्र शहरातल्या गरिबांना सरपण मिळावं म्हणून खटपट करत होता. त्याच धावपळीत त्याने एक पुस्तक लिहिलं. ज्यू, तुर्क, मूर्तिपूजक, अगदी कॅथलिकसुद्धा, कोणाच्याही श्रद्धेला सरकारने हात लावता कामा नये, असं त्याने त्यात ठणकावून सांगितलं. ऑगस्ट १६४४ मध्ये संसदेने ते जाळण्याचा हुकूम दिला. त्याच्या वसाहतीला सनद मात्र त्याच वर्षी, त्याच संसदेच्या आयोगाकडून मिळाली होती.

इंग्लंडने १६८९ मध्ये सहिष्णुतेचा कायदा केला, तोही हात राखून. चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या प्रोटेस्टंटांना उपासनेची मुभा मिळाली. कॅथलिक आणि त्रैक्य नाकारणारे बाहेरच राहिले. राज्याने दिलेली सवलत आणि माणसाचा हक्क यांतलं अंतर विल्यम्सने ४५ वर्षं आधीच ओळखलं होतं.

राज्य आणि चर्च यांची गाठ मात्र अजून सुटलेली नाही. ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात आजही चर्च ऑफ इंग्लंडच्या २६ बिशपांना जागा आहेत. त्या आता रद्द व्हायला हव्यात.