अंगणात सावली करताना

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील गोष्ट. दुपारी दवाखाना आटोपून घरी आलो, तर पंचाहत्तर वर्षांची आई पश्चिमेकडच्या ओट्यावर गहू निवडता निवडता भिंतीला टेकलेली. हाक मारली तर भलतेच उत्तर. अंग चटका बसावा इतके तापलेले. उन्हात ती मुळीच बसली नव्हती. डोक्यावर मीच त्या वर्षी हौसेने टाकलेला पत्रा होता! ओल्या कपड्याने अंग पुसत, वारा घालत तिला रुग्णालयात नेले आणि ती वाचली. चूक मात्र माझी होती. तीच आज सांगतो.

विदर्भात पारा ४४ अंशांवर गेला असे आपण वाचतो, तेव्हा ते तापमान सावलीतले असते. सावलीने हवा थंड होत नाही. अंगावर थेट पडणारे ऊन तेवढे अडते. पत्रा ऊन अडवतो, पण स्वतः तापून तीच उष्णता खालच्या माणसावर फेकतो. बाजू बंद असतील तर वारा थांबतो, घाम नीट सुकत नाही आणि शरीराला थंड होता येत नाही. प्लास्टिकच्या कागदाखालीही असेच कोंडते.

मग छत कशाचे करावे? रोपवाटिकेसाठी मिळणारी ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी उत्तम. तिच्यातून वारा खेळतो. जाड, फिकट रंगाचे सुती कापडही चालते. पत्रा आधीच असेल तर वरून पांढरा रंग द्यावा आणि खाली फूटभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बांधाव्यात.

आता दिशा. मे महिन्यात आपल्याकडे माध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा आडवे छत पुरते. तीननंतर ऊन पश्चिमेकडून तिरपे आत शिरते. म्हणून त्या बाजूला जाळीचा किंवा वाळ्याचा पडदा सोडावा. तो जमिनीपासून वीतभर वर असावा आणि संध्याकाळी गुंडाळता यावा.

छत साधारण आठ फूट उंच व एका बाजूला उतरते ठेवावे. कापडाची कड दुमडून शिवावी, त्यात कड्या बसवाव्यात. दोरी भिंतीतील पक्क्या हुकाला किंवा जमिनीत रोवलेल्या खांबाला बांधावी. विजेच्या खांबाला कधीही नाही. वळवाचे वारे सुटले की छत चटकन सोडता आले पाहिजे. जाळीखाली चूल किंवा स्टोव्ह पेटवू नये.

एवढे करूनही भर दुपारी वृद्ध, तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांनी घरातच राहावे. तापलेले अंग आणि असंबद्ध बोलणे किंवा गुंगी, ही उष्माघाताची खूण समजावी. रोग्याला सावलीत आणून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

आमच्या ओट्यावरचा पत्रा उतरला, जाळी आली. आई अजूनही तिथेच गहू निवडते. मात्र सकाळी, दहाच्या आत.